जुनी डिझेल जीप बिघडली तर: पाना उचलण्याआधी आणि नंतर

पाऊस उघडला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या गॅरेजांसमोर जुन्या जीपा उभ्या राहू लागतात. तक्रारी ठरलेल्या. सकाळी स्टार्ट होत नाही, चोर्ला घाटाच्या चढणीला दम सोडते, ब्रेक दाबला की एका अंगाला ओढते, पन्नास-साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. उपायही ठरलेला: "पंप उतरवूया की वो, दोन दिसात करून देतो." डिझेल फवारणारा इंजेक्शन पंप उतरतो, कॅलिब्रेशन होतं, हजारांत बिल होतं. आठवड्याने गाडी पुन्हा तशीच, कारण दोष टाकीजवळच्या ढिल्या क्लॅम्पमध्ये होता.

मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. मालकच "काहीतरी करा आणि संध्याकाळी गाडी द्या" म्हणतो, मग तोही निदान सोडून पार्ट बदलायला लागतो. पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत. महिंद्राच्या एमएम ५४०, सीजे, कमांडर, मेजर अशा, म्हणजे कॉम्प्युटर नसलेल्या, पाटे (लीफ स्प्रिंग) आणि ड्रम ब्रेकवाल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहेत. दोन नियम सगळीकडे लागू: तपासणी फुकटातून महागाकडे करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फिल्टर, नोझल आणि बॅटरी एकाच दिवशी बदलली तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कधीच कळत नाही.

## तयारी

धुऊ नका. सर्वात जास्त होणारी चूक हीच. गाडी कामाला घ्यायची म्हणून आधी सर्व्हिसिंगला नेऊन प्रेशरने धुतात, आणि गळतीच्या सगळ्या खुणा वाहून जातात. चिखलावर उमटलेला ओला डाग, ड्रमच्या आतल्या बाजूने चाकावर आलेला तेलाचा ओघळ, प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसभोवतीची तांबूस भुकटी हा सगळा पुरावा आहे. आधी टॉर्च घेऊन गाडीखाली जा, मोबाईलवर फोटो काढा, मग धुवा.

पाने दोन्ही मापांचे लागतात. एमएम ५४० मध्ये प्यूजोचं २,११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० इंजिन आहे, त्याचे नट-बोल्ट मिलिमीटरचे. चॅसिस मात्र जुन्या जीपच्या वळणाची, तिथे इंची बोल्ट. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना बसतो खरा, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. घट्ट, गंजलेल्या नटावर तेवढा फरक पुरतो, कोपरे मरतात आणि मग छिन्नी-हातोडा. ९/१६ ला १४ चा जातच नाही आणि १५ चा फिरतो. इंची रिंग पान्यांचा एक सेट घेऊन ठेवा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला की सकाळचं निम्मं काम झालेलं असतं.

याशिवाय मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, पाच लिटरचा स्वच्छ कॅन, डिझेलला चालणारा पारदर्शक पाइप दोन-तीन फूट, तांब्याचे वॉशर, नवे क्लॅम्प, कॉटन वेस्ट.

गाडी उचलताना. बऱ्याच जुन्या जीपांत हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे एक लहान ड्रम असतो आणि तो मागचा प्रोपेलर शाफ्ट धरतो. त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियल त्या मोकळ्या चाकाला फिरू देतं, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी पुढे-मागे सरकते. शाफ्ट काढलात तर हँडब्रेक उरतच नाही.

> सावधान: जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावू नका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, चॅसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. खानापूर बाजूच्या ओल्या तांबड्या मातीत जॅक तिरका खचतो, खाली जाड फळी हवीच.

चाकाचे नट सोडताना आणखी एक गोष्ट. जुन्या जीपांत डाव्या बाजूचे स्टड अनेकदा उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या टोकावर "एल" अक्षर आहे का ते पुसून बघा. न बघता पाइप लावून जोर केला तर स्टड तुटतो.

## टप्पा १: तक्रार कागदावर घ्या

"पिकअप नाही" ही तक्रार नव्हे. थंड असताना की गरम झाल्यावर? चढालाच की सपाटीलाही? धुराचा रंग कोणता? कशानंतर सुरू झालं: डिझेल संपल्यावर, ओढ्यातून काढल्यावर, महिनाभर गोठ्यात उभी राहिल्यावर, की गॅरेजमधून आल्यावर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर जिथे हात लागला होता तिथूनच सुरुवात करा.

## टप्पा २: बॅटरी आणि अर्थिंग

सेल्फ (स्टार्टर) फिरतच नसेल किंवा रडत फिरत असेल तर डिझेलकडे जाऊ नका.

रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना मीटर ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. चालू इंजिनवर १३.८ ते १४.४ आलं पाहिजे, नाही आलं तर बेल्ट आणि अल्टरनेटर बघा.

बॅटरी नवी घालूनही सेल्फ जड फिरतो, तेव्हा दोष बहुतेक अर्थिंगचा. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडाला लावा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर करंट वाटेतच अडतो आहे. इंजिनची अर्थिंग पट्टी काढा, दोन्ही टोकं लखलखीत होईपर्यंत घासा, रंग आणि गंज काढून परत आवळा. कनकुंबी-जांबोटीकडच्या पावसात हे टोक दर वर्षी हिरवं होतं.

हीटर प्लग याच टप्प्यात. प्यूजो इंजिनाला थंडीत हीटर लागतोच. वायर सोडवून प्रत्येक हीटर मल्टिमीटरवर तपासा. चांगला हीटर एखाद-दीड ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. महिंद्राच्या एमडीआयसारख्या जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात हीटर नसतात, तिथे शोधत बसू नका.

> तपासा: सेल्फ एका दमात १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे मिनिटभर विश्रांती. सलग मारत राहिलात तर बॅटरीही जाईल आणि सेल्फही.

## टप्पा ३: डिझेल आणि एअर

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. धरलं तरी फडफडून बंद पडतं. दहातल्या बहुतेक गाड्यांत लाइनमध्ये एअर शिरलेली असते. सगळे प्रायमर (फीड पंपावरचा हातपंप) मारून एअर काढतात, गाडी सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. कारण एअर काढली, पण ती शिरते कुठून ते कुणी बघितलं नाही.

३.१ गळती कुठल्या बाजूला? टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, फीड पंपापासून पुढे ढकललं जातं. ओढण्याच्या बाजूला जोड ढिला असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, कारण आत हवा खेचली जाते. ढकलण्याच्या बाजूला ढिला असेल तर डिझेल बाहेर झिरपतं. म्हणजे बाहेरून सगळं कोरडं असून एअर येत असेल तर फीड पंपाच्या अलीकडे शोधा. फिल्टर, पंप, नोझलचे नट आवळत बसणं तिथे व्यर्थ आहे.

३.२ पारदर्शक पाइप. फीड पंपाच्या येण्याच्या तोंडाशी जुन्या पाइपऐवजी पारदर्शक पाइपचा तुकडा लावा. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे दिसले तर हवा मागून येते आहे.

३.३ कॅनची चाचणी. स्वच्छ डिझेलचा कॅन फीड पंपापेक्षा थोडा उंच, एक्झॉस्टपासून लांब, पक्का बांधा. त्यातून थेट फीड पंपाला पाइप द्या आणि टाकीची लाइन बाजूला करा. एअर काढून गाडी चालू करा आणि अर्धा तास चालू ठेवा. नीट चालली तर पंप, फिल्टर, नोझल सगळे सुटले: दोष टाकीत किंवा लाइनमध्ये आहे. तरी बिघाड तसाच असेल तर पुढे चला. ही एकच चाचणी केली तर किती पंप उगाच उतरायचे वाचतील!

दोष टाकीकडे निघाला तर या क्रमाने बघा:

१. टाकीचं झाकण. हवेचं बारीक भोक मातीने बुजलेलं असेल तर गाडी सुरुवातीला छान चालते आणि अर्ध्या-पाऊण तासाने मरते. त्याच वेळी झाकण उघडलं की "फुस्स" आवाज येतो.

२. टाकीच्या तोंडाचे आणि जोडांचे क्लॅम्प, पाइपला पडलेल्या बारीक चिरा. वरून बरा दिसणारा रबरी पाइप वाकवून बघा. चीर वाकवल्यावर दिसते.

३. चॅसिसला घासणारी लोखंडी लाइन. क्लिप तुटलेली असते तिथे भोक पडतं.

४. टाकीतला गाळ आणि पाणी. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आत दव धरतं. रात्रभर गाडी हलवू नका, सकाळी ड्रेन प्लगमधून लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत काढा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो.

३.४ एअर काढण्याचा क्रम. टाकीकडून नोझलकडे, उलट कधीच नाही. प्रत्येक स्क्रूभोवतीची माती आधी पुसा, नाहीतर तीच आत जाते.

आधी फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करा आणि फीड पंपाचा प्रायमर मारा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांसह डिझेल, मग सलग धार. धार सलग झाल्यावरही चार-पाच वेळा मारा आणि प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू बंद करा. दोन फिल्टर असतील तर पहिला आधी. मग तेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला. शेवटी नोझलच्या बाजूचे पाइपचे नट एकेक फेरा सैल करा आणि सेल्फ मारा. नटातून बुडबुड्यांशिवाय डिझेल आलं की एकेक बंद करत जा. दोन नट बंद होताच इंजिन बहुतेक वेळा खडखडत सुरू होतं, उरलेले चालू इंजिनवर आवळा.

> सावधान: नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. तो दाब इतका असतो की डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण लगेच दवाखाना गाठावा लागतो.

इथल्या दोन चुका फार होतात. एक, बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) जुने तांब्याचे वॉशर तसेच घालणं. तांबं दाबलं गेलं की कडक होतं आणि नीट बसत नाही. नवा नसेल तर जुना लाल तापवून थंड करा, मऊ होतो, वरची काजळी पुसून वापरा. दुसरी, गळतंय म्हणून पान्याला पाइप लावून आवळणं. फिल्टरच्या डोक्याचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, एकदा गेले की डोकंच बदलावं लागतं.

एवढं होऊनही एका सिलिंडरची ठोक चुकत असेल तर चालू इंजिनवर नोझलचा एकेक नट क्षणभर सैल करा. ज्याने इंजिनाचा आवाज बदलत नाही, ते सिलिंडर आधीच मेलेलं आहे. त्याचा नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागीच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन. पंप उतरवायचा की नाही हा प्रश्न आता, या सगळ्यानंतर.

## टप्पा ४: धूर आणि एअर फिल्टर

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: आधी एअर फिल्टर, मग नोझल. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. थंड इंजिनात हीटर, गरम इंजिनात टायमिंग बघा. पांढराच, पण वाफेसारखा आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

ऑइल बाथ एअर फिल्टर असेल तर वाटी काढा. उसाच्या फडात, रायबाग-अथणीच्या काळ्या धुळीत फिरलेल्या गाडीत तळाशी चिखलाचा गोळा निघतो. जाळी डिझेलने धुऊन निथळू द्या, वाटी पुसा, नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा.

> सावधान: "थोडं जास्त असलेलं बरं" इथे चालत नाही. जास्तीचं ऑइल इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्यावरच पळायला लागतं. वेग वाढत जातो आणि बंद करण्याची दांडी ओढली तरी थांबत नाही. तेव्हा ब्रेक घट्ट दाबून टॉप गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा, किंवा हवेच्या तोंडावर फळी दाबा. हात किंवा कापड धरू नका, आत ओढलं जातं.

## टप्पा ५: चढणीला गरम होते

इथे लोक थेट थर्मोस्टॅट काढून फेकतात. मग इंजिन सपाटीला थंडच चालतं, डिझेल जास्त खातं, आणि चढाला तरीही तापतंच, कारण रेडिएटर बुजलेला तसाच राहतो.

थंड इंजिनवर आधी रेडिएटरची जाळी बघा. गवताचं बी, पाचोळा, वाळलेला चिखल. इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे हवा जिकडून येते त्याच्या उलट दिशेने, हलक्या धारेने धुवा. प्रेशरने धुतलं तर पत्र्या आडव्या होतात आणि काम होण्याऐवजी बिघडतं. मग फॅन बेल्ट: दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर साधारण १०-१२ मिमी दबला पाहिजे. नंतर झाकणाचं रबर आणि स्प्रिंग.

गाडी तापल्यावर वरचा होज कढत आणि खालचा गार राहिला तर पाणी फिरत नाही: थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा रेडिएटर आतून बुजला आहे. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्याबरोबर गरम करा. पाणी उकळायच्या आत उघडला पाहिजे.

हेड गॅस्केटचा संशय असेल तर थंड इंजिन, झाकण काढलेलं, रेडिएटर काठोकाठ भरलेला. चालू करा. सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावल्यावर मिनिटभरातच होज दगडासारखे टणक झाले, तर गॅस पाण्यात शिरतोय. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं तर इंजिन चालवूच नका.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि चोर्ला घाटात रोज कुणीतरी उघडतंच. गाडी बाजूला घ्या, बॉनेट उघडा आणि अर्धा तास थांबा.

## टप्पा ६: ब्रेक

जुन्या जीपांच्या ब्रेकला अनेकदा एकच सर्किट असतं. एका चाकाच्या व्हील सिलिंडरमधली रबरी वाटी फाटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून हा टप्पा "नंतर बघू" म्हणून ठेवायचा नाही.

पेडल खाली जातं, दोन-तीनदा मारल्यावर वर येतं: आधी ब्रेक शूचं ॲडजस्टमेंट, मग एअर. इथे उलटं करतात, आधी एअर काढतात आणि दोन बाटल्या ब्रेक ऑइल सांडून पेडल होतं तिथेच. चाक उचला, ॲडजस्टर फिरवत चाक अडेपर्यंत न्या आणि चाक मोकळं फिरेपर्यंत परत सोडा. चारही चाकं झाल्यावर पेडल बघा.

पेडल मऊ, स्पंजासारखं: मग एअर. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निप्पलला पाइप, पाइपचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. दुसरा माणूस पेडल दाबून धरतो, तुम्ही निप्पल उघडता, धार येते, तुम्ही बंद करता, मगच तो पाय उचलतो. पाय आधी उचलला तर हवा परत आत. प्रत्येक चाकानंतर मास्टर सिलिंडरची पातळी बघा. मास्टर पायाखालच्या पत्र्याखाली असेल तर झाकणाभोवतीची माती आधी झाडा, खरवडा, पुसा.

> सावधान: डबीवर लिहिलेल्या डॉट श्रेणीचंच ब्रेक ऑइल घाला. इंजिन ऑइल किंवा हायड्रोलिकचं साधं ऑइल चुकूनही नको, सगळ्या रबरी वाट्या फुगतात आणि पूर्ण सिस्टीम उलगडावी लागते. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या कापडाने पुसा.

एका अंगाला ओढते: ज्या बाजूला ओढते तिच्या विरुद्ध बाजूचा ड्रम आधी उघडा, कारण तोच धरत नसतो. आत ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलिंडर, काळं चिकट ऑइल किंवा ग्रीस असेल तर हबचं सील. तेल प्यायलेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, गरम झालं की तेल पुन्हा वर येतं. लायनिंग दोन्ही बाजूंचं एकदम बदला. ड्रमला खोल चरे असतील तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर फिरवून मिळतो, पण डाव्या-उजव्या ड्रममध्ये फरक ठेवू नका.

## टप्पा ७: स्टिअरिंगची थरथर

खड्ड्यावरून गेलं की पुढची चाकं नाचायला लागतात आणि गाडी थांबवल्याशिवाय राहत नाहीत. यावर गॅरेजचा आवडता उपाय म्हणजे स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळणं. थरथर थोडी कमी झाल्यासारखी वाटते, पण स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपणहून सरळ येत नाही. घाटात हे जास्त धोक्याचं. बॉक्स शेवटी.

टायरची हवा दोन्ही बाजूंना सारखी करा, रिम वाकलीय का बघा, पुढची चाकं मागे घालून बघा. पाट्यांचे यू बोल्ट आणि शॅकलचे बुश. मग एकाला इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खाली झोपून टायरॉड एंड आणि ड्रॅग लिंक या स्टिअरिंगच्या दांड्यांच्या जोडांवर बोट ठेवा. डोळ्याला न दिसणारा प्ले (ढिलेपणा) बोटाला कळतो.

आता पुढचं चाक उचला. एक हात वर, एक हात खाली, चाक आत-बाहेर हलवा. प्ले आहे? ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा होता. तरीही राहिला तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा. बेअरिंग आवळून सुटणाऱ्या कामासाठी किंगपिन किट आणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. किंगपिनच्या टोपीखालच्या शिम काढताना वरच्या-खालच्या वेगळ्या ठेवा आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखा येईपर्यंत थोड्या-थोड्या कमी करा.

## टप्पा ८: फोर बाय फोर, ॲक्सल आणि ओढ्याचं पाणी

"फोर लागत नाही" या तक्रारीत आधी पुढच्या चाकांचे हब लॉक (चाक ॲक्सलला जोडणारी चकती) फिरवलेले आहेत का ते बघा. दोन्ही बाजूंचे. लिव्हर लागतो, पुढचा शाफ्ट फिरतो, पण चाकांपर्यंत काही जात नाही, कारण एक हब "फ्री" वर राहिलेला असतो.

"फोर निघत नाही" असेल तर गाडी डांबरी रस्त्यावर फोरमध्ये चालवली गेली आहे. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, मधे डिफरन्शियल नाही, त्यामुळे शाफ्टमध्ये पीळ बसतो. लिव्हरवर लाथा मारू नका. सरळ रिव्हर्समध्ये दहा-पंधरा फूट घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर हाताने निघतो. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर हा त्रास कायमचा.

प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. स्लाइडिंग जोड एक दात जरी चुकीचा बसला तरी दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी अशी थरथरते की माणूस गिअरबॉक्स उघडायला निघतो.

ओढ्यातून गाडी नेली असेल तर त्याच संध्याकाळी बघण्याची गोष्ट म्हणजे ॲक्सलचे ब्रीदर (हवा ये-जा करण्याची तोंडं). गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती पोकळी सीलमधून पाणी ओढून घेते. लेव्हल प्लग काढून बोट घाला. ऑइल दुधाळ असेल तर लगेच बदला, आठवडा थांबलात तर क्राउन-पिनियनवर गंज बसलेला असतो. ब्रीदर काढून त्याजागी रबरी पाइप बॉनेटच्या उंचीपर्यंत नेला की ही कटकट संपते.

> सावधान: इंजिन पाण्यातच बंद पडलं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, हीटर किंवा नोझल काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ द्या आणि इंजिन ऑइल बदलल्यावरच सुरू करा.

ओले ड्रम पाण्यातून निघाल्यावर काही अंतर हलकासा ब्रेक दाबत चालवून वाळवा.

## टप्पा ९: ट्रायल

काम झालं की लगेच घाटात जाऊ नका. आधी अंगणात: इंजिन चालू, पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर गळती राहिली आहे. मग गल्लीत वीसच्या वेगाला हात सैल ठेवून ब्रेक. मग सपाट रस्ता, मग जांबोटीपर्यंतचा चढउतार. तिथे थांबून चारही ड्रमजवळ हाताचा मागचा भाग न टेकता धरा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ते चाक ब्रेक धरून चालतंय, ॲडजस्टर थोडा सोडा. खाली वाकून डिझेलचे जोड, हबची सीलं आणि गिअरबॉक्सची खालची बाजू बघा. हे सगळं कोरडं असेल तरच पुढे कनकुंबी आणि चोर्ला.

परत आल्यावर, गाडी थंड झाल्यावर, यू बोल्ट, चाकांचे नट आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. नवीन गॅस्केट किंवा नवे पाटे घातले असतील तर शे-दोनशे किलोमीटरनंतर परत. पहिल्या धावेला ते बसतात आणि सैल पडतात.